एकोणसत्तरची पायरी

रात्री साडेअकराला अक्कलकोट रोडवरच्या लॅबमध्ये
मशीन आकडा देतं, आणि माझ्या तोंडून निघतं, जड आहे.
अकरा अमिनो आम्लांचं पेप्टाइड,
बेरीज वहीत आधीच मांडलेली.
आलंय ते ऐंशीनं जास्त.
ऐंशी तरी कुठं, एकोणऐंशी पूर्णांक नऊ सहा सहा.
सल्फेट असतं तर शेवटच्या दोन घरांत
किंचित कमी भरलं असतं.
म्हणजे फॉस्फेट. म्हणजे पेशीतलं कुणीतरी
या प्रथिनाला हात लावून गेलंय.

अम्मा विड्यांचा कट्टा तळहातावर घ्यायची
आणि मोजायच्या आधीच म्हणायची, ओकटि तक्कुव.
चोवीसच निघायच्या.
ब्रँचचा चेकर तळहात मानायचा नाही,
दोरा सोडायचा, विड्या पसरायचा,
चार-दोन चुरगाळून छाटात टाकायचा.

मलाही तेच करायचंय.
चौथं सेरीन की सातवं,
मोडल्याशिवाय कळत नाही.
नायट्रोजनचे धक्के. डावीकडून तुकडे, उजवीकडून तुकडे,
दोन तुकड्यांमधला फरक म्हणजे एक पायरी.
रिकाम्या सेरीनची पायरी सत्त्याऐंशीची,
ओझं असलेल्याची एकशे सदुसष्टची.

दीड वाजेपर्यंत मी एकशे सदुसष्ट शोधली.

यल्लप्पा पंप बघायला आला होता,
कपातला गार चहा संपवत म्हणाला,
मॅडम, फॉस्फेट धक्का सोसत नाही. आधीच उतरतं.
एकोणसत्तर बघा.

होती. सातव्या जागी.
उतरताना ओझं एकटं गेलं नव्हतं,
सेरीनचा एक प्राणवायूही सोबत नेला होता.
ज्यानं वाहिलं
ते आता मूळच्यापेक्षा अठरानं हलकं,
पाण्याच्या एका रेणूइतकं कमी.
ओळखायचं ते त्या कमीवरून.

वहीत लिहिलं: सात. फॉस्फेट होतं.

विडी घरकुलात दिवा चालूच.
विड्या सोडून सहा वर्षं झाली,
तरी टीव्हीसमोर अम्माची बोटं
मांडीवर काहीतरी वळत असतात,
पान नाही, तंबाखू नाही,
अंगठ्याची पेरं तेवढी झिजून गुळगुळीत.
मी तिचा हात उचलून तळहातावर घेतला.
काय बघलालीस गं, म्हणाली.
मग पडद्यावरची नजर न काढता,
किती भरला?