सतरांपैकी नववी

स्पॅल्डिंगच्या पुढे जमीन इतकी सपाट
की शेजारच्या गावाचं चर्च बोयासारखं तरंगताना दिसतं.
तिथल्या एका बीटाच्या गोदामात ती होती,
टपावर कोंबड्या, आत बटाट्यांची रिकामी पोती.
टर्नस्टोन कूपे. एकूण सतरा झाल्या, ही नववी.
अठरावी साच्यातच राहिली,
कारण त्या हिवाळ्यात वीज आठवड्यातून तीन दिवस यायची
आणि बँकेचा माणूस रोज.

सगळी उसनवारी.
इंजिन फोर्डचं, दारांच्या मुठी मॉरिसच्या,
मागचे दिवे कुठल्याशा ट्रॉलीचे,
मागची काच एका व्हॅनची, उलटी बसवलेली.
स्वतःचं म्हणावं असं फक्त अंग,
काचेच्या धाग्यांचं, राळेत भिजवलेलं.
पण दारापासून शेपटाकडे वळत जाणारी ती रेघ बघून
मी तिथे, कोंबड्यांसमोर, टोपी काढली.

फायबर गंजत नाही.
खालची पोलादी चौकट गंजते, मुकाट्याने.
स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर चहातल्या बिस्किटात जावा तसा आत गेला.
थेल्मा म्हणाली, "बाहेरून ठणठणीत.
अगदी तुझ्या सेड्रिककाकासारखी."

दोन हिवाळे मी तिच्याखाली उताणा.
हातांना खाज. माझे शर्ट वेगळे धुवायचे, हा घरातला कायदा.
मग एका रविवारी डाव्या चाकाच्या कमानीत,
ब्रश पोचत नाही अशा जागी, टॉर्चच्या उजेडात
चार बोटं.
राळ ओली असताना दाबलेली, खोल.
मी माझी ठेवून पाहिली. मावली नाहीत.

पगाराच्या जुन्या वहीत त्या कामापुढे एकच नाव:
नेस्टा प्रिडी, आठवड्याला एकोणीस पौंड.

नेस्टा आता स्केग्नेसला,
समुद्राकडे पाठ केलेल्या एका वृद्धाश्रमात.
गाडी तिथवर नेली. दोनदा ढकलावी लागली.
चाकांच्या खुर्चीतून तिने तिच्या रेघेकडे पाहिलंसुद्धा नाही.
दार उघडलं. लोटलं. परत उघडलं.
"अजून लागत नाही," ती म्हणाली.
"साचा वाकलाय, मी सांगितलं होतं.
म्हणाले, गिऱ्हाईक आपटेल जोरात."

मी बोटांचा फोटो दाखवला.
चष्मा कपाळावर ढकलून ती बराच वेळ बघत राहिली.
"ही माझी नव्हेत. मी मोजे घालायचे.
ग्लेनिसची असतील. दोन आठवडे होती पोरगी.
पोटुशी होती, कुणाला बोलली नव्हती,
आणि तो राळेचा वास.
इथे तोल सावरला असेल."

वहीत तिचं नाव नाही, मी म्हणालो.
"कसं असेल? तिला रोख द्यायचे."
मग तिने चहा मागवला, माझ्यासाठीही.

चौकट आता नवी आहे.
कमानीत आतून डांबरी लेप मारावा लागतो,
नाहीतर खडी उडून फायबर तडकतं.
डबा आणून ठेवलाय फळीवर, मार्चपासून.
झाकण उघडलेलं नाही.

दाराचं मात्र बघायला हवं.