चाबी

बाबांच्या हातात तेहतीस वर्षं
महानगरपालिकेची लोखंडी चाबी होती,
त्यांच्या खांद्याइतकी उंच.
पहाटे चारला नंदनवनच्या चेंबरमध्ये ती उतरायची,
अकरा आटे डावीकडे,
आणि तीन गल्ल्यांचे नळ खोकायला लागायचे.
मे महिन्यात बाया त्यांना नावानिशी शिव्या द्यायच्या,
जुलैत नाव विसरायच्या.

माझी चाबी दिसत नाही.
मेडिकलच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
कूलरच्या पाण्यानं जिथे भिंतीला पोपडे आलेत,
मी उंदराच्या स्वादुपिंडातून बेटं वेचते.
खसखशीहून बारीक, फिकट.
एका सकाळी दोनशे मिळाली
तर डहाके सर चहा पाजतात.

बेटाला साखर दिली की ते ती जाळतं.
त्या आचेनं पोटॅशियमचं दार बंद होतं,
आणि ते बंद झालं म्हणूनच
कॅल्शियमचं उघडतं.
टँकर आल्यावर बादल्या घुसाव्यात तसं ते आत घुसतं,
आणि भिंतीला टेकून थांबलेल्या
इन्सुलिनच्या पिशव्या फुटतात.
फुटतात म्हणू नये, सर म्हणतात.
मोकळ्या होतात.

मग मी व्हेरापामिल टाकते.
साखर तेवढीच, आच तेवढीच, पिशव्याही तयार,
पण दार कुणीतरी बाहेरून दाबून धरलेलं.
प्लेटवर जिथे पिवळं यायला हवं
तिथे धुतलेल्या फडक्याचा रंग येतो.
मी तो वहीत लिहून घेते. आनंदानं.

संध्याकाळी खर्रा घोटत बाबा विचारायचे,
"काय बंद केलं व आज?"
कॅल्शियमची लाइन, मी सांगायची.
ते चुन्याची डबी पुढे करायचे,
"हा घे. माझ्यापाशी गंज आहे."
डबीशेजारीच बीपीच्या गोळ्यांची पट्टी.
तेच औषध, माझ्या बाटलीतलं.
"मग हिच्यानं माझीही लाइन बंद होते का?"
एवढ्याशा डोसानं नाही, बाबा.
डिशमधलं डिशमध्ये, माणसातलं माणसात.
फार खात्रीनं बोलले होते मी.

सत्तेचाळीस डिग्रीची दुपार.
सकाळची घेतली की नाही आठवेना,
म्हणून एक घेतली.
ती घेतलेली आठवेना.
मी घरी आले तेव्हा पट्टीत सात खळगे रिकामे होते
आणि बाबा कूलरसमोर
थंड, ओले, बसल्या जागी कलंडलेले.

ऑटोत त्यांची नाडी माझ्या बोटाखाली
थांबून थांबून येत होती.
केसपेपरवर: सुखदेव गजभिये, एकाहत्तर, पुरुष.
निवासी डॉक्टर माझ्याहून लहान.
बोटाला सुई टोचून म्हणाली,
"शुगर तीनशे ब्याऐंशी. जुना डायबेटिस?"
नाही.
"नक्की?"
नक्की. त्यांची बेटं बंद आहेत, मी म्हणाले,
आणि ती माझ्याकडे अशी बघत राहिली
की मला रिकामी पट्टी दाखवावी लागली.

मग नळीतून कॅल्शियम.
मग इन्सुलिन, जे आतून निघत नव्हतं ते बाहेरून,
एवढं की सिस्टरनं आकडा दोनदा विचारला.
रात्रभर मी मॉनिटरकडे पाहिलं.
वही पिशवीतच होती.
उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे चारला
बाबांचे ओठ हलले,
"पाणी सोडलं का?"
सिस्टरला वाटलं तहान लागली,
ती ग्लास आणायला धावली.
शुगर एकशे चौतीस होती. मी त्यांच्या कानाशी वाकले.
सोडलं, बाबा.
डोळे न उघडता ते जरा वेळ
कसलासा अंदाज घेत राहिले.
"तिसऱ्या गल्लीत कमी जाऊन राहिलं," म्हणाले.
"अर्धा आटा अजून दे."