रेकॉर्ड रूम, सांगली

कपाटात रुमाल, रुमालात फाईल,
फायलीत पाकीट, अन् पाकिटात
पुन्हा एक फाईल, टाचणी गंजून
दोघींच्या अंगात गेलेली.
भिंतीवरची पुराची रेघ माझ्या खांद्याला लागते.

मगदूमकाकांना मी टेबल काढून दाखवलं:
प्रत्येकीनं आपल्या आईचा तेवढा नंबर सांगायचा.
आजी, पणजी, कपाट
विचारत विचारत वर जाता येतं.
गठ्ठा हलला तर एकच आकडा खोडायचा.
"बरं," म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले.

माणसांचं टेबल वेगळं. माणूस एकदाच लिहायचा.
तिथं गोदाक्का चौगुले तीनदा आली,
नवरा तोच, गट नंबर तोच,
म्हणून मी तिघींची एक केली.

"तिसरी निराळी," काका म्हणाले.
"पहिली गेल्यावर आणली.
लग्नात नाव तेच ठेवलं,
कागद बदलायला नकोत म्हणून."

जेवणाची सुट्टी संपेपर्यंत
मी काही टाईप केलं नाही.
मग नवी ओळ घातली,
नावाच्या रकान्यात तेच नाव.
नंबर मात्र तिचा तिला:
चार हजार एकशे सात.