पस्तीस ते सत्तर

हिरामणआप्पांकडे एकच लेन्स होती, पन्नासची.
कडेचा काळा रंग उडून आतलं पितळ दिसायला लागलेली.
नंदुरबारच्या निम्म्या लग्नांनी तिच्यातून पाहिलं असेल,
म्हणजे तिने त्यांच्याकडे.

मला पहिल्यांदा पथारीवर नेलं तेव्हा
नजर पोचेल तिथवर मिरची वाळत पडली होती
आणि कॅमेऱ्यात रोल ब्लॅक अँड व्हाइट.
लाल काळं येतं, आप्पा म्हणाले,
रंगाकडे बघू नकोस, उजेड कुठे अडतो ते बघ.
देठं खुडणाऱ्या बायका लांब बसलेल्या.
मी म्हटलं, फार लहान दिसतात.
"मंग जवळ जाय ना बाई,
पाय कसाले देयेल शेतस देवनी?"

गेले. शिंकत, डोळे पुसत, चौदा पावलं.
तेवढ्यात एकीने विचारलं, कोणाची गं तू,
दुसरीने पाण्याचा तांब्या सरकवला,
आणि फ्रेम धरली तेव्हा
आमचं बोलणं अर्धं होऊन गेलं होतं.
पन्नासची लेन्स काही जवळ आणत नाही.
तुम्हाला पाठवते.

झूम मी माझ्या पैशाने घेतली, सुरतेहून, जुनी,
पस्तीस ते सत्तर.
आप्पांनी हातात तोलली.
दुधी भोपळ्याएवढी, म्हणाले, आणि उजेड चमचाभर.
खरंच होतं. दिवेलागणीनंतर मांडवात
मीटरची सुई तळाला पडून राहायची,
जिथे पन्नासची एक पूर्णांक आठवर उघडून
एका ट्यूबलाइटवर हळदीचे हात टिपायची.
मान खाली घातली की ही आपसूक घसरून लांबायची,
मागेपुढे सरकवली की श्वास घ्यायची,
आणि आमच्या गावात श्वास घेणं म्हणजे मिरची आत घेणं.
दोन हंगामांत काचेमागे तांबूस कण.

पण रनाळ्याच्या एका लग्नात, पाठवणीच्या वेळी,
नवरीचा बाप गोठ्यामागे जाऊन एकटा उभा राहिला.
पन्नासची असती तर चालत गेले असते
आणि त्याने तोंड पुसून विचारलं असतं,
जेवलीस का?
मी जागची हलले नाही.
अंगठ्याने ओढून सत्तरवर आणलं.
तो फोटो मी त्यांच्या अल्बममध्ये लावला नाही.
अजून ठरवता आलेलं नाही
ती माया होती की चोरी.

आप्पांचे गुडघे गेले त्या वर्षी
त्यांची खुर्ची ओट्यावर आली आणि तिथेच राहिली.
मी त्यांच्या कॅमेऱ्यावरची पन्नासची काढून उशाशी ठेवली,
झूम चढवली, छत्तीसचा रोल भरला,
मांडीवर दिला.
काही बोलले नाहीत. तीन आठवडे लावले.

लाल दिव्याखाली कॉन्टॅक्ट शीट हळूहळू वर आली.
पस्तीस फ्रेम सत्तरवर, बघताक्षणी कळतं.
समोरच्या किराणावाल्याचा काटा आणि त्यावरचा अंगठा.
बसच्या खिडकीत तोंड उघडं टाकून झोपलेलं पोर.
गल्लीच्या टोकाला पंक्चर सायकल ढकलत,
स्वतःशीच काही बडबडत येणारी मी.
मला पत्ताच नव्हता.
आणि शेवटची पस्तीसवर:
सगळी गल्ली, वर सगळं आभाळ,
आणि तळाशी, फोकसबाहेर,
टाळता आले नसतील किंवा ठेवलेच असतील,
त्यांचे दोन पाय.

मी कडा न कापता छापला.
आप्पांनी आधी दूर धरून पाहिला, मग डोळ्याला लावून.
"छत्तिसावा जरासा हालना," म्हणाले,
आणि चहा सांगितला.

पन्नासची अजून त्यांच्या उशाशीच आहे.
उद्या शहाद्याला लग्न आहे, रात्रीचं.
मागून बघते,
एका दिवसासाठी.