दोन पाकिटं

शुक्रवारी टपालात दोन पाकिटं आली,
एक माझ्या नावाचं, एक ह्यांच्या.
ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.
संघटनेच्या यादीत मात्र हरेश्वर बामा तांडेल
अजून कनिष्ठ लिपिक, परीक्षा विभाग,
मुक्काम करावे गाव, नवी मुंबई,
वर्गणी भरलेली.
वर्गणी माझ्या पगारातून कापतात,
कुणीतरी जुन्याच खात्यावर टाकत असणार.

माझ्या पाकिटावर हेमांगी हरेश्वर तांडेल.
म्हणजे त्याही पाकिटावर हे आहेतच,
मधल्या जागी बसलेले.

आत एक चिठ्ठी, एक छोटं पाकीट, एक मोठं.
बेमुदत संपाला आपली संमती आहे काय?
होय. नाही. पुढे चौकोन.
सही करू नका, नाव लिहू नका,
अठरा तारखेच्या आत पोचलं पाहिजे.

नाव न दिसू देण्यात माझा हात बसलेला आहे.
उत्तरपत्रिकेच्या बैठक क्रमांकावर पट्टी,
गठ्ठ्याला सुतळी, सुतळीवर लाख,
लाख गरम आहे तोवर पितळी शिक्का.
कुणी लिहिलंय ते तपासणाऱ्याला कळू नये
एवढ्याचाच मला पगार मिळतो.

तनुज म्हणाला, आई, दोन्ही टाक. कुणाला कळतंय?
पप्पांचं मत तुला माहीत आहे ना?

माहीत आहे.
मागच्या संपात बेचाळीस दिवस हे गेटवर बसले,
घरी यायचे ते पोटऱ्यांवर चटईचे वळ घेऊन.
तेव्हा मी माझ्या दोन बांगड्या पतपेढीत ठेवल्या
आणि सांगितलं, कपाटात आहेत, मागे.
ह्यांनी कपाट उघडून पाहिलं नाही.
दोन वर्षांनी सोडवल्या, तेही विचारलं नाही.

श्रुतिकाला पाकीट आलेलं नाही.
अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवस खंड,
पुन्हा अकरा महिने.
मागण्यांच्या पत्रकात तिची मागणी सातवी,
पान उलटल्यावर.
डबा खाताना म्हणाली,
मावशी, संप झाला तर मी आत असायचं की बाहेर?
मी म्हटलं, घरतसाहेबांना विचार.
घरतसाहेब म्हणाले, बघू.
तिने अर्ध्या भाकरीवर झाकण लावलं.

रात्री भांडी आवरली, टेबल पुसलं,
आधी ह्यांची चिठ्ठी उलगडली.
होयच्या चौकोनापर्यंत पेन नेलं.

अनुकंपावर लागले तेव्हा आदेशात लिहिलं होतं,
कै. ह. बा. तांडेल यांच्या जागी.
खुर्ची तीच, कपाटाची किल्ली तीच,
पहिल्या महिन्यात माझा उशिराचा शेरा
ह्यांच्याच नावापुढे पडला होता.
मी हसले होते. शेजारची बाई रडली होती.

पेपरात पानं कोरी उरली
की वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यात
तिरकी रेघ मारतात,
मागाहून कुणी काही लिहू नये म्हणून.
तशी मारली, तनुजची पट्टी घेऊन.
रेघ कागद संपल्यावरही थोडी पुढे गेली,
टेबलाच्या काचेवर बोटभर निळी.
ती मी लगेच पुसली नाही.

मग माझी घेतली.
तनुजच्या फीचा दुसरा हप्ता. गॅसचं बिल.
पान उलटल्यावरची सातवी मागणी.
फुली मारली. कुठे, ते सांगत नाही,
माझ्या हातचा गठ्ठा
वाटेत कधी फुटलेला नाही.

सकाळी निघताना कपाट उघडलं,
बांगड्या मागून काढून पुढे ठेवल्या,
अंधारातही हाताला लागतील अशा.

सीवूड्सच्या पोस्टात काउंटरवर नवी मुलगी.
पर्समध्ये ह्यांचं पाकीट, घडी घातलेलं.
तिकिटं किती देऊ, तिने विचारलं.
एकच, म्हटलं.