पाथर्डी फाटा, चौथा मजला

लिफ्टला आतून अजून प्लायवूड ठोकलेलं.
सेल्सचा पोरगा म्हणाला, बाल्कनीतून पांडवलेण्याचा डोंगर दिसतो.
दिसतो.
पण समोरचा मोकळा प्लॉटही त्यांचाच.

वासंतीनं रुपयाच्या नाण्यानं एकेक फरशी वाजवली;
मोरीजवळची एक पोकळ बोलली.
नळ सोडला, तर नुसता खोकला.

रात्री लग्नपत्रिकेच्या पाकिटावर हप्ते मांडले.
वीस वर्षं.
शेवटची तीन रिटायर झाल्यावरची.
ती म्हणाली, "ओट्यावर ऊन कधी येतं
ते विचारायचं राहिलंच की."

आज हाफ डे टाकून अंबडहून परस्पर गेलो,
घरी न सांगता.
तीन वाजलेले.
दाराबाहेर तिच्या चपला.
आत ऊन ओट्यापासून वीतभर अलीकडे,
आणि ती,
पोकळ फरशीवर मांडी घालून,
त्याची वाट बघत.