बावन्न किलो

दोन वाजायला अठरा मिनिटं.
समोरच्या गच्चीवर कोणाची तरी चादर
तारेला गुंडाळते, सुटते, परत गुंडाळते.
कूलरच्या मागची टट्टी
आतून कोणी ठोकावं तशी वाजते आहे.
कडुनिंबाचा सगळा पाला
पूर्वेच्या भिंतीला जाऊन लागला.

तीनची शिफ्ट. बुटीबोरी.
मोबाइल सांगतो, ताशी बेचाळीस, झोत साठपर्यंत.
मोबाइलला काय,
त्याला चिंचभवनचा पूल चढायचा नाही.

कुंदा म्हणते, मेट्रोनं जा न खापरीपर्यंत.
मग पुढे?
पुढे ऑटो.
ऑटो माझी वाट पाहून राहिला का तिथं?
ती काही बोलत नाही.
खिशात कांदा टाकते, दुपट्टा देते.
उन्हासाठी कांदा आहे.
वाऱ्यासाठी घरात काही सापडत नाही.

गाडी एकशे बारा किलो. मी बावन्न.
हे गणित अकरा वर्षं करावं लागलं नव्हतं.
मागे नत्थूजी लांजेवार बसायचे,
ब्याण्णव किलो, डबा सोडून.
मेकॅनिक म्हणायचा, शॉकअप गेले भाऊ,
काय पोतं वाहता का?
आम्ही दोघंही हसायचो.

खापरी सोडली की उजवीकडे मोकळं रान.
वारा तिकडून येतो.
त्याच्यावर रेलूनच चालवावी लागते गाडी,
बसस्टॉपच्या खांबाला टेकून उभं राहावं तशी.
मग एखादा कंटेनर ओव्हरटेक करतो
आणि तेवढ्यापुरता वारा नसतो.
ज्याला टेकलो होतो तेच नसतं,
आणि आपण त्याच्या चाकांकडे जाऊ लागतो.
अशा वेळी मागून नुसतं "हं" यायचं.
गाडी सरळ व्हायची.
मला वाटायचं, मीच केली.

मार्चमध्ये रिटायर झाले.
शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ.
घड्याळ मागच्या सीटवर बांधून
मीच सोडलं होतं बेशाला.

टाकी फुल करावी काय? चार-पाच किलो वाढतील.
रेशनचे गहू बांधावे मागे?
गेटवर वॉचमन विचारेल, हे काय?
सांगीन, वारा आहे.

फोन वाजला.
"पाह्यलं का बाहेर?"
हो.
"निघून राहिला का?"
पाहतो.
"हँडल घट्ट नको धरू. सैल धर. तू घट्ट धरतो."
अकरा वर्षांत हे कधी बोलले नाहीत.
मग थोडं थांबून,
"मी येऊ का मागे?
घरी तरी काय करून राहिलो. येताना बसनं येईन."
मी हसलो.
ते हसले नाहीत.

बेशाच्या वळणावर उभे होते,
हेल्मेट आधीच घालून,
हातात डबाही होता, काय माहीत का.
टॉवेल तोंडावर, दिसत होते फक्त डोळे.
मी पाय रोवले, नेहमीसारखे, झटका सोसायला.
वाट पाहिली.
"चाल न," म्हणाले.
बसा तर.
"बसलो न बे केव्हाचा."

शॉकअप दबलेच नव्हते.

वर्धा रोडवर येऊन थांबलो.
धुळीत पलीकडची बाजू दिसत नव्हती,
एक फ्लेक्स फाटून खांबाला फडफडत होता,
त्यातल्या माणसाचा नुसता नमस्कार उरला होता.
किती कमी झालं? मी विचारलं.
वाऱ्यात त्यांना ऐकू आलं नसेल.
किंवा आलं असेल.
"सिग्नल सुटला," म्हणाले.

गाडी मेट्रोच्या पार्किंगला लावली.
दोन तिकिटं काढली.
त्यांनी का म्हणून विचारलं नाही.
खिशातला कांदा काढून
डब्यावर ठेवला मी,
आणि दोघंही खिडकीतून पूल पाहत बसलो,
त्यावरून कोण कोण जातं ते.

शिफ्टला चाळीस मिनिटं उशीर लागला.